लिनक्सवर पायथन कसं बसवायचं, आणि आधीपासून असलेल्याला हात का लावायचा नाही

लिनक्सवर पायथन बसवायला निघालेल्या बहुतेकांच्या मशीनवर ते आधीच असतं. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन यांपैकी काहीही डेस्कटॉपसकट टाकलं असेल तर पायथन सोबत येतंच, कारण या सिस्टिमची स्वतःचीच बरीच कामं पायथनमध्ये लिहिलेली आहेत. त्यामुळे विंडोजवरची सवय, म्हणजे वेबसाइटवर जा, इन्स्टॉलर उतरवा, डबल क्लिक करा, इथे चालत नाही. इथे पहिलं काम म्हणजे काय आहे ते बघणं. दुसरं काम, जे आहे ते तसंच राहू देऊन आपलं वेगळं मांडणं. नवख्यांचे बहुतेक घोळ या दुसऱ्या कामात होतात, म्हणून या लेखाचा मोठा भाग त्यावरच गेला आहे.

कमांड वाचण्याबद्दल आधी एक गोष्ट. इथे सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. स्पेलिंगमध्ये गफलत होण्यासारखी असेल तिथे अक्षरं सुटी सांगितली आहेत. स्पेस, टिंब, तिरपी रेघ आणि आडव्या रेघा जशा दिसतात तशाच द्यायच्या. नको त्या जागी पडलेली किंवा हवी तिथे राहून गेलेली स्पेस लिनक्सला खपत नाही.

आधी काय आहे ते बघा

टर्मिनल उघडा. उबुंटूवर कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबलं की उघडतं. इतर ठिकाणी मेनूत "टर्मिनल" शोधा. मग ही कमांड द्या:

पायथन३ --व्हर्जन

पायथन आणि ३ यांच्यामध्ये स्पेस नाही, आणि व्हर्जनच्या आधी दोन आडव्या रेघा आहेत. उत्तरात आवृत्तीचा आकडा येईल. उबुंटू २२.०४ वर ३.१०, उबुंटू २४.०४ वर ३.१२, डेबियन १२ वर ३.११, डेबियन १३ वर ३.१३. त्यापुढचा तिसरा आकडा कितीही असला तरी काळजी नाही, तो किरकोळ दुरुस्त्यांचा असतो.

नुसतं "पायथन" टाइप केलंत तर "कमांड सापडली नाही" असं उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे, आणि इथेच अनेकांना वाटतं की पायथन नाहीच. कारण जुनं आहे. पायथन २ आणि पायथन ३ अनेक वर्षं शेजारी शेजारी नांदत होते आणि नुसत्या "पायथन" या नावाचा अर्थ पायथन २ असा होता. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, पण डेबियन आणि उबुंटूने ते मोकळं झालेलं नाव आपणहून पायथन ३ ला दिलं नाही. फारच अडत असेल तर "पायथन-इज-पायथन३" नावाचं पॅकेज मिळतं, ते टाकलं की छोटं नावही चालू लागतं. मी ते टाकत नाही. शेवटचा ३ टाइप करायची सवय लागलेली बरी, कारण दुसऱ्याच्या सर्व्हरवर ते पॅकेज असेलच असं नाही.

आपण कुठल्या लिनक्सवर आहोत हेच ठाऊक नसेल (दुसऱ्याने मशीन लावून दिलं की असं होतं), तर:

कॅट /इटीसी/ओएस-रिलीज

"कॅट" म्हणजे सी, ए, टी. "इटीसी" म्हणजे ई, टी, सी. पहिल्या दोन-चार ओळींत नाव आणि आवृत्ती दिसते.

आता निर्णय. शिकायला सुरुवात करत असाल आणि मशीनवर ३.१० किंवा त्यापुढचं काही असेल, तर नवीन आवृत्तीच्या मागे लागू नका. व्हेरिएबल, लूप, फंक्शन, क्लास, फाइल वाचणं-लिहिणं या सगळ्यात ३.१० आणि ३.१४ यांत तुम्हाला जाणवेल असा फरक नाही. पायथनची नवी आवृत्ती दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास येते आणि प्रत्येकीला साधारण पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. शिवाय उबुंटू किंवा डेबियनने दिलेल्या आवृत्तीची काळजी ती मंडळी स्वतःही घेत असतात.

सिस्टिमचं पायथन सिस्टिमचं

"यूएसआर/बिन" या फोल्डरमधलं पायथन३ तुमच्यासाठी ठेवलेलं नाही. तुम्ही ते वापरू शकता, पण मालक सिस्टिम आहे.

यात काय बिघडू शकतं ते एका उदाहरणावरून बघू. समजा उबुंटू २२.०४ आहे, त्यावर ३.१० आहे, आणि तुम्हाला ३.१२ हवं आहे. कुठूनतरी ३.१२ टाकलं, पण "पायथन३" म्हटलं की अजूनही ३.१० च येतं. मग कुणाचा तरी सल्ला वाचून "यूएसआर/बिन/पायथन३" हा दुवा ३.१२ कडे वळवला. आता आकडा बरोबर येतो, समाधान वाटतं. थोड्या वेळाने नवीन सॉफ्टवेअरचा स्रोत जोडायला जाता, तर "एपीटी_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही" अशी तक्रार येते. टर्मिनलची खिडकी बंद करून पुन्हा उघडायला जाता, तर ती उघडतच नाही.

टर्मिनल का उघडत नाही? कारण उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांत नोम टर्मिनल सुरू करणारी फाइल हीच मुळात पायथनची एक छोटी स्क्रिप्ट आहे. ती आणि पॅकेज सांभाळणारी साधनं सी भाषेतून कंपाइल केलेली मॉड्यूल वापरतात, आणि ती मॉड्यूल ३.१० साठी बनलेली आहेत. ३.१२ ला ती सापडत नाहीत. पायथन बिघडलेलं नसतं, मॉड्यूलही बिघडलेली नसतात, फक्त दोघांची गाठ तुटलेली असते.

असं करून बसला असाल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन विचारेल. लॉगिन करून दुवा परत जागेवर आणा:

सुडो एलएन -एसएफ पायथन३.१० /यूएसआर/बिन/पायथन३

"सुडो" (एस, यू, डी, ओ) लावलं की पुढची कमांड अ‍ॅडमिनच्या हक्काने चालते. आकडा अर्थातच तुमच्या उबुंटूचा मूळचा हवा. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१ किंवा एफ२ दाबून डेस्कटॉपवर परत या.

याहून वाईट म्हणजे "जुनं काढून टाकू" या विचाराने पायथन३ हे पॅकेजच रिमूव्ह करणं. त्यावर अवलंबून असलेली पॅकेजं त्याच्यासोबत जातात, आणि त्यात डेस्कटॉपचा मोठा भाग असू शकतो. एपीटी (डेबियन आणि उबुंटूवर पॅकेज बसवणारं-काढणारं साधन) काय काय काढणार याची यादी आधी दाखवतं आणि होकार मागतं. ती यादी लांबलचक दिसली की "एन" दाबून बाहेर पडा.

रिपॉझिटरीतून जे लागतं ते

पायथन असलं तरी त्याच्या सोबतीची दोन पॅकेजं डेबियन आणि उबुंटू वेगळी ठेवतात: पिप, म्हणजे लायब्ररी बसवणारं साधन, आणि व्हीएन्व्ह (व्ही, ई, एन, व्ही), म्हणजे प्रत्येक कामाला वेगळं वातावरण करून देणारं साधन. ती रिपॉझिटरीतून, म्हणजे सिस्टिमच्या अधिकृत पॅकेज-साठ्यातून, मागवू.

सुडो एपीटी अपडेट

सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३ पायथन३-व्हीएन्व्ह पायथन३-पिप

पासवर्ड विचारला जाईल आणि बऱ्याच सिस्टिमवर तो टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नाही, पासवर्ड टाका आणि एंटर द्या. पहिली कमांड काहीच बसवत नाही, फक्त कुठली पॅकेजं उपलब्ध आहेत याची यादी ताजी करते. ती गाळली तर दुसरी कमांड कधीकधी जुन्या पत्त्यावर फाइल शोधायला जाते आणि ४०४ (फाइल सापडली नाही) घेऊन परत येते.

मशीन नुकतंच सुरू केलं असेल तर "लॉक मिळालं नाही" असा संदेश येऊ शकतो. मागे आपोआप चालणारं अपडेट त्या वेळी काम करत असतं. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल डिलीट करा असा सल्ला सर्रास दिला जातो. अपडेट चालू असताना तो पाळलात तर पॅकेजचा हिशोब अर्धवट राहतो आणि तो निस्तरायला जास्त वेळ जातो.

फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ येतं: "सुडो डीएनएफ इन्स्टॉल पायथन३ पायथन३-पिप". व्हीएन्व्ह तिथे पायथनसोबतच असतं. आर्चवर "सुडो पॅकमन -एसवाययू पायथन पायथन-पिप", त्यात एस तेवढा मोठ्या लिपीतला. आर्चवर पूर्ण सिस्टिम अपडेट केल्याशिवाय एखादंच पॅकेज ताजं करायचं नसतं, म्हणून ती तिन्ही अक्षरं एकत्र.

प्रत्येक कामाला आपलं वेगळं घर

आता मुख्य काम. एखादा प्रोजेक्ट घ्या, त्याचं फोल्डर करा, आत जा, आणि तिथे एक आभासी वातावरण, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं पायथन आणि लायब्ररी ठेवायचं वेगळं फोल्डर, तयार करा:

एमकेडायर सराव

सीडी सराव

पायथन३ -एम व्हीएन्व्ह .व्हीएन्व्ह

पहिली कमांड म्हणजे एम, के, डी, आय, आर. फोल्डरचं नाव काहीही ठेवा, फक्त त्यात स्पेस नको. तिसऱ्या कमांडमध्ये व्हीएन्व्ह दोनदा आहे. पहिलं मॉड्यूलचं नाव आहे, दुसरं, टिंब लावलेलं, तुम्ही फोल्डरला दिलेलं नाव आहे. टिंबामुळे ते फोल्डर लपलेलं राहतं, "एलएस -ए" म्हटल्यावरच दिसतं.

इथे "एन्शुअरपिप उपलब्ध नाही" अशी तक्रार आली, तर वरचं पायथन३-व्हीएन्व्ह हे पॅकेज राहून गेलं आहे. ते टाका, अर्धवट झालेलं फोल्डर काढा आणि कमांड पुन्हा द्या.

मग ते वातावरण चालू करा:

सोर्स .व्हीएन्व्ह/बिन/अ‍ॅक्टिव्हेट

ओळीच्या सुरुवातीला कंसात .व्हीएन्व्ह असं दिसू लागेल. आता या खिडकीपुरतं "पायथन" म्हणा नाहीतर "पायथन३", दोन्ही या फोल्डरमधल्याच पायथनकडे जातात. "पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स" म्हणालात तर रिक्वेस्ट्स नावाची लायब्ररी याच फोल्डरमध्ये येते, सिस्टिमला पत्ताही लागत नाही. काम झालं की "डीअ‍ॅक्टिव्हेट". दुसऱ्या दिवशी नवीन टर्मिनल उघडलं की सोर्सची ओळ पुन्हा द्यावी लागते. "काल टाकलेली लायब्ररी आज नाही" या प्रश्नाचं उत्तर दहापैकी नऊ वेळा एवढंच असतं.

वातावरण चालू न करता पिप वापरलंत, तर डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून पुढे एक लांबलचक संदेश येतो: हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं, इथे पिपने काही टाकू नका. या नियमाचा आधार पायथनच्या ६६८ क्रमांकाच्या प्रस्तावात आहे, आणि तो आला ते बरंच झालं. पिपने सिस्टिमच्या पायथनमध्ये टाकलेली लायब्ररी एपीटीने टाकलेलीच्या आड यायची आणि सिस्टिमची साधनं बिघडायची. त्याच संदेशात एक पळवाटही सांगितलेली असते, "--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस". नावातच सिस्टिम मोडण्याची भाषा आहे, तरी लोक ती कॉपी करून चिकटवतात. पळवाट घेऊ नका, व्हीएन्व्ह करा. आणि सुडो लावून पिप चालवणं तर पूर्णच सोडा.

व्हीएन्व्हचे दोन बारकावे. एक, तयार झालेलं फोल्डर उचलून दुसरीकडे नेलं तर ते चालत नाही, कारण आतल्या फाइलींमध्ये पूर्ण पत्ता कोरलेला असतो. जागा बदलायची तर नवीन करा. दुसरा, स्वतःचा कोड .व्हीएन्व्हच्या आत ठेवू नका, शेजारी ठेवा. हे फोल्डर केव्हाही उडवून पुन्हा बनवता यावं. त्यासाठी कुठल्या लायब्ररी टाकल्या आहेत ते "पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी" या कमांडने एका फाइलमध्ये उतरवून ठेवा. परत बसवताना "पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी".

कोड न लिहिता पायथनमधलं एखादं तयार साधन तेवढं वापरायचं असेल तर पिपएक्स बघा. ते एपीटीतून मिळतं आणि प्रत्येक साधनाला आपोआप वेगळं वातावरण करून देतं.

वेगळी आवृत्ती खरंच लागली तर

नोकरीतल्या प्रोजेक्टला ३.१३ च हवं आहे, किंवा एखादी लायब्ररी तुमच्या आवृत्तीवर चालत नाही, अशी वेळ येते. मार्ग बरेच आहेत. उबुंटूवाले "डेडस्नेक्स" नावाचा पीपीए (उबुंटूला जोडायचा बाहेरचा पॅकेज-स्रोत) जोडतात, तो चांगला आहे, पण फक्त उबुंटूसाठी आहे, डेबियनवर जोडू नका. पायएन्व्ह हे जुनं आणि विश्वासाचं साधन आहे, पण ते आवृत्ती तुमच्याच मशीनवर कंपाइल करतं, म्हणजे सोर्समधून बांधताना येणाऱ्या सगळ्या अडचणी तिथेही येतात.

नवख्या माणसाला मी सध्या यूव्ही सुचवतो. अ‍ॅस्ट्रल या कंपनीने २०२४ मध्ये आणलेलं, रस्ट भाषेत लिहिलेलं हे साधन आहे. ते तयार बांधलेलं पायथन उतरवून तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवतं. सुडो लागत नाही, त्यामुळे सिस्टिमला धक्का लागायचा प्रश्नच येत नाही. त्यांच्या वेबसाइटवर एका ओळीची बसवायची कमांड आहे, ती स्क्रिप्ट उतरवून थेट चालवते. अशी कुठलीही स्क्रिप्ट आधी फाइलमध्ये उतरवून एकदा नजरेखालून घालावी. यूव्ही "~/.लोकल/बिन" मध्ये बसतं. लगेच सापडलं नाही तर टर्मिनल बंद करून नवीन उघडा. मग:

यूव्ही पायथन इन्स्टॉल ३.१३

यूव्ही व्हीएन्व्ह --पायथन ३.१३

दुसरी कमांड प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन द्यायची. चालू करण्याची सोर्सची ओळ वरचीच. फरक एवढाच की यूव्हीने बनवलेल्या वातावरणात पिप नसतं, लायब्ररी टाकताना "यूव्ही पिप इन्स्टॉल" म्हणायचं.

सोर्समधून बांधणं हा शेवटचा मार्ग, पण एकदा करून बघण्यासारखा. पायथन डॉट ओआरजीवरून टारबॉल (सोर्सच्या फाइलींचं दाबून बांधलेलं गाठोडं) उतरवा, उलगडा, आत जा. त्याआधी कंपायलर आणि लायब्ररींच्या डेव्ह आवृत्त्या हव्यात: बिल्ड-इसेन्शियल, लिबएसएसएल-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह, लिबबीझेड२-डेव्ह, लिबएलझेडएमए-डेव्ह, लिबरीडलाइन-डेव्ह, लिबएसक्यूलाइट३-डेव्ह. शेवटच्या नावात एस, क्यू, एल, आय, टी, ई, ३ अशी अक्षरं आहेत. नाव अर्धं टाइप करून टॅब दाबलं की उरलेलं आपोआप येतं. मग:

./कॉन्फिगर --एनेबल-ऑप्टिमायझेशन्स

मेक -जे४

सुडो मेक ऑल्टइन्स्टॉल

ऑप्टिमायझेशन चालू असेल तर मेकला बराच वेळ लागतो, कारण ते पायथन एकदा बांधून, चालवून, मोजमाप घेऊन पुन्हा बांधतं. चार हा आकडा प्रोसेसरच्या गाभ्यांनुसार बदला.

मेक संपल्यावर शेवटच्या पंधरा-वीस ओळी वाचाच. लायब्ररी राहून गेली असेल तर बांधकाम थांबत नाही. ते पूर्ण होतं आणि शेवटी शांतपणे सांगतं की अमुक ऐच्छिक मॉड्यूलसाठी लागणाऱ्या गोष्टी सापडल्या नाहीत, खाली नावं असतात. त्यात एसएसएल असेल तर हे पायथन चालेल, बेरीज-वजाबाकी करेल, पण पिप काहीच उतरवू शकणार नाही, कारण सुरक्षित जोडणीच करता येत नाही. राहिलेलं डेव्ह पॅकेज टाका आणि कॉन्फिगरपासून पुन्हा सुरू करा.

शेवटच्या ओळीत "इन्स्टॉल" नाही, "ऑल्टइन्स्टॉल" आहे, याकडे लक्ष द्या. नुसतं इन्स्टॉल म्हणालात तर "यूएसआर/लोकल/बिन" मध्ये पायथन३ या नावाची फाइल तयार होते. पाथमध्ये (कमांड ज्या फोल्डरांत शोधली जाते त्यांच्या यादीत) ते फोल्डर सहसा "यूएसआर/बिन" च्या आधी येतं, म्हणजे सिस्टिमचं पायथन झाकलं जातं. ऑल्टइन्स्टॉल फक्त पायथन३.१३ असं आकड्यासकट नाव ठेवतं. वातावरण करताना तेच पूर्ण नाव वापरायचं: "पायथन३.१३ -एम व्हीएन्व्ह .व्हीएन्व्ह".

कुठलं पायथन चालतंय?

दोन-तीन पायथन झाली की हा प्रश्न रोज पडतो. "टाइप -ए पायथन३" म्हटलं की पाथमधली सगळी दिसतात, आणि सगळ्यात वरचं ते चालणारं. पायथनच्या आत शिरून विचारायचं असेल तर "इम्पोर्ट सिस" आणि मग "सिस.एक्झिक्यूटेबल" ("सिस" म्हणजे एस, वाय, एस). जो पत्ता येईल तो खरा. नवीन बसवूनही बॅश (टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) जुन्याच जागी जात असेल तर "हॅश -आर" द्या. बॅश आधी सापडलेले पत्ते लक्षात ठेवतं, या कमांडने ते विसरतं.

पहिला प्रोग्राम लिहिताना फाइलच्या नावाकडे बघा. यादृच्छिक आकड्यांचा सराव करतोय म्हणून फाइलला "रँडम.पीवाय" नाव दिलंत, आणि आत "इम्पोर्ट रँडम" लिहिलंत, तर पायथन आधी शेजारची फाइल बघतं आणि तुमचीच फाइल उचलतं. मग "रँडममध्ये रँडइंट नाही" असं काहीतरी ऐकवतं आणि माणूस पायथन पुन्हा बसवायला निघतो. फाइलचं नाव बदला, एवढं पुरतं.

काढायचं झाल्यास

व्हीएन्व्ह काढायचं म्हणजे ते फोल्डर डिलीट करायचं, बाकी कुठेही काही उरत नाही. यूव्हीने आणलेली आवृत्ती "यूव्ही पायथन अनइन्स्टॉल ३.१३" ने जाते. डेडस्नेक्सची आवृत्ती एपीटीने काढा, पण आकड्यासकट पूर्ण नाव देऊन, म्हणजे पायथन३.१३. आकडा न देता पायथन३ लिहिलंत तर ते सिस्टिमचं आहे. सोर्समधून बांधलेल्याला अनइन्स्टॉलची कमांडच नसते, "यूएसआर/लोकल" मधल्या फाइली हाताने शोधून काढाव्या लागतात. म्हणून पुढच्या वेळी कॉन्फिगरला "--प्रीफिक्स" देऊन होम फोल्डरमधली एखादी स्वतंत्र जागा सांगा. मग मेक ऑल्टइन्स्टॉलला सुडो लागत नाही, आणि काढताना ते एक फोल्डर उडवलं की झालं.